कोरी जागा म्हणजे जळालेला भाग : हॉलरचे लंडन आणि जुनी नगरचित्रे वाचण्याची रीत

१/
जुन्या शहरांची एचिंग पद्धतीने छापलेली चित्रे आज सर्वत्र भेटतात : पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, संग्रहालयांच्या भिंतींवर, पर्यटकांसाठीच्या टपालपत्रांवर. ती पाहताना मनाचा पहिला ग्रह असा होतो की, शहर तेव्हा असेच दिसत होते. हा ग्रह सर्वस्वी खोटा नाही, पण सर्वस्वी खराही नाही. या धाग्यात एका माणसाच्या कामाच्या आधाराने हा प्रश्न उलगडायचा आहे. शहर आहे लंडन, शतक सतरावे आणि माणूस आहे वेन्सेस्लॉस हॉलर.

२/
हॉलरचा जन्म १६०७ साली प्रागमध्ये झाला. तो दहा वर्षांचा असताना त्याच शहरात तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी पडली आणि बोहेमियाचे जुने जग उद्ध्वस्त झाले. १६२७ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने प्राग सोडले. पुढचे आयुष्य परक्या शहरांत गेले. तरी आपल्या चित्रांवर सही करताना तो नावापुढे अनेकदा ‘बोहेमस’, म्हणजे बोहेमियाचा, असे लिहीत राहिला. परागंदा माणसाने परक्या शहरांची चित्रे इतक्या निष्ठेने का काढावीत, याचे एक उत्तर या एका शब्दात असू शकेल.

३/
प्रथम तंत्र. एचिंग म्हणजे अम्लरेखन. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर दिला जातो आणि तो धुराने काळा करतात. चित्रकार सुईने त्या थरावर रेषा काढतो. सुई जाते तेथे तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर अम्ल सोडतात. ते उघड्या रेषा खात जाते, झाकलेला भाग तसाच राहतो. अम्ल जितका वेळ राहील तितकी रेषा खोल आणि छापल्यावर गडद. दूरच्या टेकड्या फिकट आणि जवळची छपरे गडद दिसतात, ती या वेळेच्या हिशोबामुळे.

४/
त्याआधी छिन्नीसारख्या हत्याराने थेट तांबे कोरण्याची रीत होती. त्यात हाताला जोर लावावा लागे आणि रेषा शिस्तबद्ध, काहीशी ताठ येई. मेणाच्या थरावर सुई मात्र कागदावरच्या लेखणीसारखी फिरते. गर्दीची छपरे, वाकडी धुरांडी, नदीवरच्या होड्यांची शिडे अशा हजार बारीकसारीक गोष्टी टिपायला ही रीत सोयीची ठरली. पॅरिसच्या अब्राहम बॉस याने १६४५ मध्ये या तंत्राची पुस्तिकाच प्रसिद्ध केली. नगरचित्रांचा आणि एचिंगचा असा मेळ बसला.

५/
एक अडचण मात्र तंत्रातच आहे. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे छापले जाते, आरशातल्यासारखे. म्हणजे डावीकडचा पूल उजवीकडे आणि अक्षरेही उलटी. शहर सुलटे छापायचे तर पत्र्यावर उलटे काढावे लागते. काही चित्रकारांनी हा खटाटोप टाळला आणि त्यांची शहरे कायमची उलटी छापली गेली. त्यामुळे जुने नगरचित्र हाती आले की पहिला प्रश्न असा करावा : नदी कोणत्या हाताला असायला हवी होती?

६/
नगरचित्रांचा धंदा हॉलरच्या जन्मापूर्वीच उभा राहिला होता. कोलोन येथे १५७२ पासून ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी जगातील शहरांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढायला सुरुवात केली; १६१७ पर्यंत त्याचे सहा खंड झाले. त्याच्या पहिल्या खंडात गोवा आणि दीव ही शहरेही आहेत, मोरोक्कोच्या दोन शहरांसह एकाच पानावर. अशा ग्रंथांतील पुष्कळ चित्रे दुसऱ्यांनी पाठविलेल्या रेखाटनांवरून तयार होत. कोरणारा हात अनेकदा त्या शहरात गेलेलाच नसे.

७/
याचे ठळक उदाहरण लंडनचेच आहे. ॲमस्टरडॅमच्या क्लास यान्स व्हिशर याचे १६१६ चे लंडनचे लांबलचक दृश्य अत्यंत प्रसिद्ध आहे. शेक्सपिअरवरच्या कितीतरी पुस्तकांत ते छापले गेले. पण व्हिशर लंडनला गेलेला नसावा असे अभ्यासक मानतात. जुन्या चित्रांवरून त्याने नवे चित्र जुळवले. त्यातले ग्लोब नाट्यगृह अष्टकोनी मनोऱ्यासारखे उभे आहे. पिढ्यान् पिढ्या वाचकांच्या मनात ग्लोबची तीच प्रतिमा ठसली. चित्र देखणे होते, एवढाच त्याचा पुरावा.

८/
हॉलरची तालीम याच धंद्यात झाली. फ्रँकफर्टमध्ये माथेउस मेरियन या प्रख्यात नगरचित्रकार-प्रकाशकाकडे त्याने काम केले. पण त्याची वाट वेगळी निघाली, कारण तो स्वतः चालत, स्वतः पाहत आणि स्वतः रेखाटत असे. १६३६ मध्ये कोलोन येथे त्याची गाठ अरुंडेलचा अर्ल थॉमस हॉवर्ड याच्याशी पडली. हा कलासंग्राहक सरदार इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सम्राटाकडे निघाला होता. हॉलर त्याच्या लवाजम्यात सामील झाला, प्रवासात प्राग पुन्हा एकदा पाहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनला पोहोचला.

९/
लंडनमधली सुखाची वर्षे थोडी होती. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. अरुंडेल देश सोडून गेला आणि १६४४ मध्ये हॉलरही अँटवर्पला निघून गेला. तेथे बसून त्याने दोन मोठी नगरदृश्ये तांब्यावर उतरवली : १६४७ मध्ये लंडनचे आणि १६४९ मध्ये प्रागचे. दोन्ही शहरे तेव्हा त्याच्यापासून दूर होती आणि दोन्ही युद्धाने ग्रासली होती. हाताशी होती ती जुनी रेखाटने. तिसऱ्याच शहराच्या खिडकीशी बसून दोन दुरावलेली शहरे उभी करणे, असे ते काम होते.

१०/
१६४७ चे लंडन-दृश्य सहा कागद जोडून पूर्ण होते आणि दोन मीटरांहून अधिक लांब भरते. थेम्सच्या दक्षिण तीरावरील साउदार्कच्या ज्या चर्चला आज साउदार्क कॅथीड्रल म्हणतात, त्याच्या मनोऱ्यावरून हे शहर पाहिलेले आहे. समोर दक्षिण तीराची छपरे आणि बागा, मध्ये वळण घेणारी नदी, पलीकडे सेंट पॉल्सचे प्रचंड धूड, उजवीकडे घरांनी लगडलेला लंडन ब्रिज. आकाशात रूपकात्मक आकृती तरंगतात, कारण शहराचा गौरव करणे हाही या चित्राचा हेतू होता.

११/
मात्र उभ्या माणसाला एका नजरेत इतके रुंद दृश्य दिसत नाही. डोके डावीकडून उजवीकडे फिरवत जावे लागते आणि प्रत्येक तुकड्याचे रेखाटन वेगळे होते. हे तुकडे नंतर एका पट्टीत जोडले जातात, तेव्हा नदीचे वळण आणि अंतरे यांच्याशी तडजोड अटळ होते. म्हणून असे चित्र म्हणजे एका क्षणाचे दर्शन नव्हे; ते अनेक दिवसांच्या पाहण्याचे संकलन आहे. त्यातली एकेक इमारत विश्वसनीय असू शकते आणि तरीही सगळे मिळून होणारे दृश्य कोणीही, कधीही पाहिलेले नसते.

१२/
आता या चित्रातली सर्वांत बोलकी चूक. दक्षिण तीरावर दोन गोल इमारती दिसतात. एकीवर ‘ग्लोब’ असे लिहिले आहे, दुसरीवर अस्वलांच्या झुंजीचे घर असे. ही दोन नावे एकमेकांच्या जागी पडली आहेत. ग्लोब नदीपासून आत, मेडन लेनच्या दक्षिणेला होते. चित्रात त्या जागी असलेल्या इमारतीवर झुंजघराचे नाव आहे. शिवाय रंगमंचावरचे मोठे दुहेरी छप्पर त्याच इमारतीला आहे. अस्वलांच्या झुंजीसाठी अशा छपराची गरज नव्हती.

१३/
ही चूक इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी फार मोलाची आहे. चित्र बरोबर आणि नाव चूक, हे एकाच कागदावर संभवते. रेखाटन लंडनमध्ये, डोळ्यांसमोर झाले. नावे अँटवर्पमध्ये, काही वर्षांनी पडली. म्हणजे एकाच पुराव्यात पाहण्याचा थर वेगळा आणि आठवणीचा थर वेगळा. लिखित शब्दाला चित्रापेक्षा अधिक प्रमाण मानण्याची सवय येथे दगा देते. शिलालेख असो, बखर असो वा नकाशा, मजकूर आणि वस्तू यांची वये निरनिराळी असू शकतात, हे या दोन नावांनी शिकवले आहे.

१४/
सुदैवाने हॉलरने मनोऱ्यावरून पश्चिमेकडे पाहत केलेले एक मूळ रेखाटन टिकले आहे. पेन्सिलीवर शाई फिरवलेला तो लहानसा कागद आज अमेरिकेत येल येथील संग्रहात आहे. जॉन ऑरेल या अभ्यासकाने त्यातील खुणांमधील अंतरे प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिली आणि रेखाटन एखाद्या दृक्-साधनाच्या मदतीने केले असावे, इतके ते काटेकोर आहे, असा निष्कर्ष मांडला. १९९७ मध्ये लंडनला ग्लोबची नवी वास्तू खुली झाली. तिच्या आकाराच्या विचारात या रेखाटनाला मोठे स्थान होते. व्हिशरचा अष्टकोन मागे पडला, हॉलरचे वर्तुळ पुढे आले.

१५/
१६५२ मध्ये हॉलर लंडनला परतला. जॉन ऑब्री या समकालीन चरित्रलेखकाने त्याची एक आठवण नोंदवली आहे. पहिल्यांदा आला तेव्हा इथल्या गरीब-श्रीमंत साऱ्यांचे चेहरे त्याला प्रसन्न दिसले होते; परतल्यावर तेच चेहरे उदास आणि द्वेषाने भरलेले दिसले, जणू कोणी चेटूक केले असावे. छपरे आणि धुरांडी मोजणाऱ्या या माणसाने चेहरेही पाहिले होते. मात्र नगरदृश्याच्या तांब्यावर ते उतरवण्याची सोय नव्हती. लांबून काढलेल्या शहरात माणसाची उंची सुईच्या एका ठिपक्याएवढी असते.

१६/
ऑब्रीच म्हणतो की, हॉलरची नजर अतिशय अधू होती आणि त्याच्या कामातील बारकावा जोखायला भिंग लागते. त्याच्या मजुरीबद्दलही एक हकीकत सांगितली जाते. तो तासाला चार पेन्स घेई आणि समोर वाळूचे घड्याळ ठेवी. कोणी बोलायला आले, तर घड्याळ आडवे करून वाळू थांबवी, कारण गप्पांचे पैसे घेणे त्याला मान्य नव्हते. अशा रीतीने त्याने आयुष्यात अडीच हजारांहून अधिक पत्रे तयार केले. शहरे, किल्ले, जहाजे, फुलपाखरे, शिंपले, स्त्रियांचे पोशाख : जे दिसले ते.

१७/
१६५८ मध्ये विल्यम डगडेलचा सेंट पॉल्स कॅथीड्रलवरचा ग्रंथ निघाला. त्यातील चित्रे हॉलरची. तेव्हा ती मध्ययुगीन वास्तू जीर्ण झाली होती. तिचा उंच कळस १५६१ मध्ये वीज पडून गेला होता, तरी एका चित्रात तो पूर्वीसारखा उभा आहे. म्हणजे चित्र १६५८ चे, पण वास्तू शंभर वर्षांपूर्वीची. आतील भागाच्या चित्राखाली हॉलरने लॅटिनमध्ये लिहिले की, ज्या मंदिराचे कोसळणे रोज अपेक्षित आहे, त्याची स्मृती त्याच्या एका जुन्या चाहत्याने अशी जपली आहे. त्यानंतर आठच वर्षे ती वास्तू उभी होती.

१८/
याच काळात त्याने एक प्रचंड बेत आखला : लंडनचा असा नकाशा, ज्यात प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक घर वरून तिरपे पाहिल्यासारखे दिसेल. साऱ्या शहराचा हा कागद कित्येक फूट लांबी-रुंदीचा झाला असता. त्यातला पश्चिम भागाचा एकच कागद आज शिल्लक आहे. त्यात कोव्हेंट गार्डनचा चौक, घरांच्या रांगा, मागची परसे, झाडे असे सारे दिसते. उरलेल्या शहराचे असे चित्र कधी पूर्ण झाले नाही, आणि त्याचे कारण चित्रकाराच्या हातात नव्हते.

१९/
२ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात आग लागली. पूर्वेकडच्या जोरदार वाऱ्याने ती पसरत गेली आणि चार-पाच दिवसांत ४३६ एकरांचा प्रदेश जळाला. सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे गेली. सेंट पॉल्सच्या छपराचे शिसे वितळून रस्त्यांवरून वाहिले. १६४७ मध्ये हॉलरने काढलेले शहर आता प्रामुख्याने हॉलरच्या कागदावर उरले. तोपर्यंत त्याची चित्रे शोभेची वस्तू होती. त्या आठवड्यानंतर ती साक्ष झाली.

२०/
आग विझल्यावर राजा दुसऱ्या चार्ल्सने शहराच्या तत्कालीन स्थितीची पाहणी आणि आलेखन करण्याचे काम हॉलर आणि फ्रान्सिस सँडफर्ड यांच्याकडे दिले. त्याच वर्षी हॉलरचे एक जोडचित्र निघाले. एकाखाली एक दोन दृश्ये, साउदार्कच्या त्याच मनोऱ्यावरून. वर आगीपूर्वीचे लंडन, खाली आगीनंतरचे. समोरची दक्षिण तीराची छपरे दोन्हींत तीच. पलीकडे मात्र वरच्या दृश्यात दाट शहर आणि खालच्या दृश्यात बिनछपराच्या भिंती, पोकळ खिडक्या, एकटे उरलेले मनोरे. दृष्टिबिंदू न बदलल्यामुळे नजर आपोआप वर-खाली जाते आणि काय गेले, याची मोजदाद पाहणाराच करू लागतो.

२१/
दुसरा कागद नकाशाचा. त्यात आगीतून वाचलेल्या भागात घरे दाखवली आहेत आणि जळालेला भाग कोरा सोडला आहे. कोरी जागा म्हणजे जळालेला भाग, असा खुलासाही शीर्षकात आहे. तेथे रस्त्यांच्या रेषा आहेत, चर्चांच्या जागा आहेत, पण घरे नाहीत. अम्लरेखनाच्या भाषेत कोरी जागा म्हणजे जेथे सुई फिरलीच नाही, मेणाचा थर शाबूत राहिला आणि अम्लाला शिरकाव मिळाला नाही. तांब्यावर जो भाग सर्वांत सुरक्षित राहिला, तोच कागदावर नष्ट झालेल्या शहराची खूण ठरला.

२२/
या दोन्ही चित्रांत काय नाही, हेही पाहिले पाहिजे. घरे गेलेली हजारो माणसे इस्लिंग्टन आणि हायगेटच्या बाजूला उघड्यावर पडली होती. जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत त्यांचे वर्णन केले आहे. आग परकीयांनी लावली, या अफवेने डच आणि फ्रेंच रहिवाशांवर जमाव धावून गेले होते. हॉलर स्वतः परदेशात जन्मलेला होता आणि त्या जमावाची भीती त्याला परकी नसावी. कागदावर यातले काही नाही. नगरदृश्य वास्तूंची हानी दाखवते. माणसांची हानी कळण्यासाठी रोजनिशीकडेच जावे लागते.

२३/
सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत २२ नोव्हेंबर १६६६ ची नोंद आहे. जळालेल्या भागाचे हॉलरचे नवे छापील चित्र त्या दिवशी त्याला दाखवले गेले आणि ते त्याला फार आवडले. हॉलरला राजसेवेत शपथपूर्वक घेतल्याची आणि आधी हाती घेतलेला मोठा नकाशा पुढे नेण्याची राजाज्ञा झाल्याची बातमीही त्याला तेव्हाच समजली. हॉलर राजाचा अधिकृत दृश्यचित्रकार झाला. पदवी मोठी होती. दारिद्र्य मात्र सुटले नाही आणि तो नकाशाही पुरा झाला नाही.

२४/
येथे या कथेचा एक धागा मुंबईजवळून जातो. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर दुसऱ्या चार्ल्सला दोन ठिकाणे दिली : आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअर आणि मुंबईचे बेट. राजाने १६६८ मध्ये मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. टँजिअरवर मात्र अफाट खर्च चालू ठेवला आणि तेथील दृश्ये टिपण्यासाठी १६६९ मध्ये हॉलर गेला. पुढे १६८४ मध्ये इंग्रजांनी ते शहर सोडले आणि जाताना स्वतःच बांधलेला बंदराचा बांध उद्ध्वस्त केला. पुन्हा एकदा हॉलरच्या कागदावर एक नाहीसे झालेले ठिकाण उरले.

२५/
हॉलर मुंबईला कधी आला नाही. त्या काळच्या मुंबईची त्याच्या हातची चित्रे असती तर माझगावच्या वाड्या, माहीमची खाडी आणि बेटांमधली भरतीची पाणथळ यांच्याविषयीचे कितीतरी प्रश्न सुटले असते. शतकाहून अधिक काळ गेल्यावर स्कॉटलंडचा जेम्स वेल्स मुंबईत आला. १७९१-९२ मधल्या त्याच्या पाहण्यातून मुंबई आणि परिसराची बारा दृश्ये एचिंगच्या रूपात तयार झाली. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच. त्या बारा दृश्यांनाही हेच प्रश्न विचारावे लागतात : चित्रकार कोठे उभा होता, कोणासाठी काढत होता, आणि चौकटीबाहेर कोण राहिले?

२६/
२५ मार्च १६७७ रोजी हॉलर वारला. परंपरेने सांगितले जाते की, कर्जवसुलीचे शिपाई शेवटच्या वेळी घरात शिरले होते आणि निदान ज्यावर मरायचे तो पलंग तरी नेऊ नका, एवढीच विनवणी त्याने केली. वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याला पुरले. त्या वेळी नवे सेंट पॉल्स नुकतेच पायापासून उभे राहू लागले होते आणि विटांचे नवे लंडन बरेचसे बांधून झाले होते. त्या नव्या शहरात वाढलेल्या मुलांना जुने लंडन पाहायचे असेल, तर वाट एकच होती : हॉलरचे कागद उलगडायचे.

२७/
पुढच्या वेळी एखादे जुने नगरचित्र समोर आले, तर त्याला तीन तारखा विचाराव्यात : शहर पाहिले केव्हा, तांब्यावर उतरवले केव्हा, आणि छापले केव्हा. त्यांतील अंतरात चूक शिरते, स्तुती शिरते, आठवण शिरते. ग्लोबचे नाव दुसऱ्या छपरावर जाऊन बसते ते त्याच अंतरात. मग चित्र मोठे करून, छपरे ओलांडत, सावकाश कोऱ्या जागेपर्यंत यावे. तेथे रेष नाही याचा अर्थ तेथे कधी काही नव्हते असा नसतो.